नरक्याचं लाकूड विकायचं का? गावी गिऱ्हाईक आलंय, जाणकारांनी सांगा

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव पाटण तालुक्यात, अगदी वरच्या अंगाला. गावठाणापासून पाऊण तासाच्या चढणीवर वडिलोपार्जित डोंगरपड आहे अकरा एकर, सातबाऱ्यावर वडील आणि चुलते दोघांची नावं. आधी तिथे नाचणी-वरी व्हायची, आता रानडुकरं आणि गवे काही ठेवत नाहीत म्हणून वीस वर्षं ते तसंच पडलंय आणि रान माजलंय. मी चिंचवडला नोकरीला, दादा (चुलतभाऊ) गावी असतो, सगळं तोच बघतो.

मागच्या आठवड्यात त्याच्याकडे एक माणूस पिकअप घेऊन आला, म्हणे तुमच्या रानात नरक्याची झाडं आहेत, तेवढी आम्हाला द्या, तोडणी आमची, वाहतूक आमची, कागद आमचे, तुम्ही फक्त सही करा आणि रोख घ्या. झाड मुळासकट हवंय म्हणाला, नुसतं वरचं लाकूड नको. किलोवर भाव बोलला, तो दादाने मला फोनवर सांगितला तर मला हसू आलं कारण तेवढ्या पैशात आमच्या कंपनीच्या गेटवर एक वडापाव आणि कटिंग येतं. दादाचं म्हणणं, अरे तसं पण ते झाड कशाच्या कामाचं नाही, जळणाला सुद्धा बायका आणत नाहीत, फुललं की नाक धरून जावं लागतं, जाईना का, निदान गोठ्याच्या पत्र्याचे पैसे सुटतील.

पण तोच माणूस जाता जाता बोलून गेला की यापासून कॅन्सरचं औषध होतं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. खरंच होतं का, की अशीच टेप? होत असेल तर मग भाव असा भंगाराचा का? आपल्याच जमिनीतलं झाड विकणं बेकायदा आहे का? आणि एक, समजा तोडायच्या ऐवजी आपणच याची लागवड केली तर कोणी कंपनी घेते का? दादाला परवापर्यंत उत्तर द्यायचंय.

पत्रावळी

नरक्या तस्करीच्या बातम्या दर दोन-चार महिन्यांनी पेपरला असतात की हो सातारा-कोल्हापूरकडच्या. "कागद आमचे" म्हणणाऱ्याचे कागद आधी बघायला मागा, मग बोला.

बाटलीतला राक्षस

या विषयावर इथे कधी धागा येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून लॉगिन करून लिहितोय. मी नऊ वर्षं एका कारखान्यात एक्स्ट्रॅक्शनला होतो, झाडपाल्यातून अर्क काढायच्या विभागात. कंपनी कुठली ते विचारू नका. नरक्या आमच्याकडे यायचा, तुकडे करून पोत्यातून.

टेप नाही, शंभर टक्के खरं आहे. त्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड (झाडातलं एक तीव्र रसायन) असतं, आम्ही प्लांटवर नुसतं सीपीटी म्हणायचो. ते पहिल्यांदा सापडलं १९६६ साली, अमेरिकेत, एका चिनी झाडातून, आणि शोधणारे दोघे म्हणजे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपले नंदुरबारचे बरं का, १९२५चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकून तिकडे गेलेले. याच जोडगोळीने नंतर टॅक्सॉल पण शोधलं. म्हणजे जगात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकी दोन घराण्यांच्या मुळाशी एक खानदेशी माणूस आहे आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव सापडायचं नाही, असो, ते रडगाणं वेगळं. मग १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी छापलं की हाच पदार्थ सह्याद्रीतल्या या वास मारणाऱ्या झाडात आहे, आणि चांगला भरपूर आहे. तुमच्या दादाच्या दारात पिकअप आली ती त्या पेपरमुळे, पन्नास वर्षं उशिरा.

औषध म्हणून मात्र याचा प्रवास सरळ झाला नाही. सीपीटी पाण्यात विरघळतच नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं सोडियम मीठ करून पेशंटना देऊन बघितलं, तर ट्यूमरवर म्हणावा तसा परिणाम नाही आणि लघवीच्या पिशवीतून रक्त. बंद केलं सगळं. पुढे १९८५ साली कळलं की हे नेमकं करतं काय. चऱ्हाटाला पीळ जास्त बसला की ते गाठाळतं ना, तसं पेशी दुप्पट व्हायच्या वेळी डीएनएला पीळ पडतो, तो सोडवायला एक एन्झाइम त्याची एक दोरी कापतं, पीळ सोडतं आणि परत सांधतं. सीपीटी त्या कापलेल्या जागेत पाचरीसारखं जाऊन बसतं, सांधू देत नाही. हे कळल्यावर परत सगळे मागे लागले, रेणूत थोडे फेरफार करून दोन औषधं निघाली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. इरिनोटेकॅन जपानात याकुल्टने काढलं, हो तेच ते छोट्या बाटलीतलं आंबट दूधवाले. अमेरिकेत दोन्हीला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आता नवीन नवीन इंजेक्शनं आलीत ज्यात अँटिबॉडीच्या पाठीवर औषध बसवून थेट गाठीवर सोडतात, त्यातली काही गाजलेली याच घराण्यातली आहेत. म्हणजे मागणी काय लगेच संपत नाही.

आता भाव भंगाराचा का. हिशोब करा. सुक्या लाकडात सीपीटी साधारण ०.१ ते ०.३ टक्के, मुळात जास्त, पानात कमी. म्हणजे टनभर सुक्या मालात कागदावर एक ते तीन किलो, हातात येतं त्याहून कमी. टन म्हणजे किती झाडं ते तुम्ही रानात जाऊन बघा, हे काही सागवान नाही, मनगट-मांडीएवढं खोड. मग ते वाळवायचं, भुगा करायचा, पिंपंच्या पिंपं सॉल्व्हंट लागतं, ते परत उडवून गोळा करायचं, मग शुद्ध करायचं, मग त्याचं इरिनोटेकॅन करायला अजून चार पायऱ्या, मग निर्जंतुक भरणं, मग परवाने. पैसा प्रत्येक पायरीला चढतो आणि सगळ्यात खालच्या पायरीवर तुमचा दादा. मध्ये गोळा करणारा, तालुक्याचा व्यापारी, बाहेरच्या राज्यातला मोठा व्यापारी. आमच्या गेटवर जो रेट लागायचा तो आणि गावात दिलेला रेट यात किती फरक ते मला नंतर एका ड्रायव्हरकडून कळलं, दोन दिवस जेवण गेलं नाही.

एक सीन अजून डोळ्यासमोर आहे. नवीन माल आला की आम्ही चिमूटभर भुगा मिथेनॉलमध्ये हलवून त्याचा एक थेंब प्लेटवर ठेवायचो आणि अंधाऱ्या कपाटात यूव्हीच्या दिव्याखाली धरायचो. माल चांगला असेल तर तो थेंब निळा पेटायचा, म्हणजे काजव्यासारखा नाही, गॅसच्या ज्योतीच्या बुडाचा निळा. आणि भेसळ असेल तर नुसता मळकट. पोत्यात वर नरक्या आणि खाली दुसरंच काहीतरी फालतू लाकूड हे प्रकार इतके की शेवटी प्रत्येक पोत्याच्या तळातून नमुना काढायला लागलो.

लागवडीवर उद्या लिहितो, आता कुकरच्या शिट्ट्या चालू झाल्यात.

नाक्यावरचा वैद्य

माहितीपूर्ण प्रतिसाद. पण मला सांगा, मूळ झाडातच जर एवढा गुण आहे तर कंपन्यांना कशाला पोसायचं, मुळीचा काढा करून घेता येणार नाही का? आपल्याकडे निसर्गाने सगळं दिलंय, आपल्यालाच किंमत नाही.

ठाणेकर ताई

वरच्या काढेवाल्यांसाठी. माझ्या बाबांना आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटेकॅन दिलं, दर पंधरा दिवसांनी, बारा वेळा. दीडेक तास सलाइनमधून, थेंब मोजून, वजन-उंचीवरून मिलिग्रॅममध्ये डोस काढून. त्याआधी हातात अॅट्रोपिनचं इंजेक्शन, नाहीतर टेबलवरच पोटात कळ येऊन घाम फुटतो. घरी आल्यावर जुलाब थांबवायच्या लोपेरामाइडची पाकिटं उशाला, पहिल्यांदा जुलाब सुरू झाले तेव्हा रात्री अडीचला रिक्षा काढली होती. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी कमी असल्या की डोस पुढे ढकलायचे. हे सगळं मोजून मापून दिलेल्या औषधाचं आहे. आणि तुम्ही मुळी उकळून प्यायला सांगताय, ज्यात किती उतरलं ते देवाला ठाऊक. कृपा करून असं लिहू नका, इथे कोणीतरी हताश माणूस वाचत असतो.

बाबा आता बरे आहेत, चार वर्षं झाली. ते झाड पाटणला उगवतं हे मला आज कळलं. त्यांना हा धागा दाखवला तर म्हणाले, अरे वा, आपल्याच कडचं की.

बाटलीतला राक्षस

ताई, अगदी. प्लांटवर आम्ही त्या भुग्याला मास्क, ग्लोव्ह्ज, वेगळे कपडे घालून हात लावायचो. जो पदार्थ वाढत्या पेशी मारतो तो केसाच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात, हाडाच्या मगजात सगळीकडे मारतो, त्याला कॅन्सर कुठला आणि तुमचं पोट कुठलं ते कळत नाही. "नैसर्गिक आहे म्हणजे सोसेल" हे नरक्याच्या बाबतीत तरी डोक्यातून काढा.

आप्पा बांदेकर

वैद्यबुवा, आमच्याकडे जुने वैदू सगळ्या झाडांची साल काढीत, पण या झाडाक हात लावताना मी कोणाक बघलंय नाय. गुरां पण तोंड लावनत नाय. त्यातच काय ता समजा.

आता कोयनाकाठच्या भावाला माझा अनुभव सांगतो, मराठीत लिहितो नाहीतर अर्ध्यांना कळायचं नाही. आम्ही सावंतवाडी तालुक्यातले, आंबोलीच्या पायथ्याला. आमच्याकडे हा माणूस पंधरा-सोळा वर्षांमागे आला होता, म्हणजे हा नाही, याचा कोणीतरी भाऊबंद. मी पण तेव्हा विकलं, खोटं कशाला बोलू. पहिली गोष्ट, वजन ओल्या मालाचं नाही केलं. तोडून पंधरा दिवस आमच्याच खळ्यात वाळवलं आणि मग काटा लावला, स्प्रिंगचा हातकाटा, आंब्याच्या फांदीला लटकवलेला, पोतं अडकवलं की काटा नाचायचा आणि तो नाचताना खालचा आकडा वाचायचा. निम्मं वजन पाण्याचंच गेलेलं, वरून पोत्याचं दोन किलो कापलं. दुसरी गोष्ट, मुळासकट म्हणजे काय तर पहारीने खणतात आणि मग तो खड्डा तसाच सोडतात. आमचं रान उतारावर, पहिल्या पावसात त्या खड्ड्यांतून माती खाली व्हाळात गेली, व्हाळ अजून गढूळ जातो. तिसरी, खोडावरून तोडलं असतं ना तर बुंध्याला परत फुटवे आले असते. एकच झाड गड्याने आळसाने कमरेएवढ्यावर तोडून सोडलेलं, त्याला आज चार चांगले जाड फुटवे आहेत. बाकी जिथे खणले तिथे काय नाय, रानमोडी आली.

पैसे किती मिळाले ते विचारू नका, तेव्हा गणपतीला बाप्पाच्या मखराचं भागलं. बस.

सडावेडी

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, कोल्हापूर जिल्ह्यात, मुलांना घेऊन राधानगरी-गगनबावड्याकडे बरंच फिरणं होतं, म्हणून थोडं झाडाबद्दल.

शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फिटिडा सापडेल, फिटिडा म्हणजे घाणेरडा वास येणारी. आपल्याकडे नरक्या, कुठे घाणेरा, आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी अमृता! एकाच झाडाला नरक आणि अमृत. (टणटणीला पण घाणेरी म्हणतात, त्यात गोंधळ करू नका, ती वेगळीच.) पावसाळ्यात फुलतं, बारीक पिवळट फुलांचे झुपके फांदीच्या टोकाला, वास कुजकट, माणसाला नको वाटतो पण माश्या आणि किडे तुटून पडलेले असतात. पावसाळा सरल्यावर फळं पिकतात, आधी लालसर मग जांभळी-काळी, पक्षी खातात.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की याची सगळी झाडं फळं देत नाहीत, नर आणि मादी झाडं वेगळी पण असतात. त्यामुळे रानातली निम्मी झाडं तोडली तर उरलेली निम्मी आहेतच की, असा हिशोब चालत नाही. जवळपास जोडीदार उरला नाही तर उरलेलं झाड नुसतं उभं राहतं. शिवाय तोडणारा मोठीच झाडं आधी तोडतो, म्हणजे जी बी देणारी असतात ती. आमच्या एका नेहमीच्या वाटेवर दहा वर्षांपूर्वी वीस-बावीस मोठी झाडं मी मुलांना दाखवायचे, मागच्या वर्षी मुलांना खड्डे दाखवले. बाजूला गुडघ्याएवढी रोपं होती चार-पाच, तेवढाच दिलासा.

आणि झाडाझाडात फरक खूप असतो. शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांत एकात सीपीटी भरपूर आणि दुसऱ्यात नावाला, असं बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांनी घाटभर नमुने घेऊन दाखवलंय. वरून बघून ओळखता येत नाही. म्हणजे न तपासता तोडलेल्या निम्म्या झाडांचा तसाही काही उपयोग नसतो, तोडली मात्र सगळी जातात. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पत्रावळी

प्रयोगशाळेत बनवत का नाहीत मग? २०२५ उलटलं, झाडं कशाला तोडताय अजून.

बाटलीतला राक्षस

बनवतात, म्हणजे बनवता येतं. पहिलं संपूर्ण संश्लेषण १९७१ मध्येच झालं. पण झाडाने फुकटात करून ठेवलेला रेणू उचलणं आणि शून्यापासून बांधणं यात खर्चाचा फरक राहतो, जोवर कोणीतरी मोफत झाड देतंय तोवर कोण बांधत बसेल. पिकअपवाला स्वस्त पडतो हेच तर दुखणं.

दुसरा रस्ता बुरशीचा. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी नरक्याच्याच आत राहणारी एक बुरशी वेगळी करून दाखवलं की ती झाडाबाहेर बाटलीत पण सीपीटी करते. तेव्हा आमच्या कंपनीत काय उत्साह होता सांगू, साहेबांनी टाक्यांची कोटेशनं पण मागवली. पण असल्या बुरशा दोन-चार पिढ्या बाटलीत वाढवल्या की हळूहळू सीपीटी करायचंच सोडून देतात, माहेर सुटलं की तिथले गुण जातात तसं काहीतरी. अजून त्यावर कामं चालू आहेत. तिसरा रस्ता ऑफिओरायझा नावाची छोटी झुडपं, ती पण आपल्या घाटात आहेत, त्यांच्यात सीपीटी असतं आणि ती लवकर वाढतात, झाडासारखी वर्षानुवर्षं थांबायला नको. त्यांची नुसती मुळं टाकीत वाढवायचे प्रयोग जपानात बरेच झालेत.

टॅक्सॉलचं उदाहरण घ्या, तिथे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ते अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून यायचं, साल सोलली की झाड मेलं, आणि किलोभर औषधाला काही हजार झाडं. तिकडे त्या रानातली घुबडं वाचवायची की माणसं असा वाद पेटला होता तेव्हा. मग फ्रान्समध्ये पॉतिए आणि अमेरिकेत हॉल्टन यांनी वाट काढली, युरोपातल्या यूच्या पानांतून अर्धा तयार रेणू घ्यायचा आणि बाकीचा प्रयोगशाळेत जोडायचा. पानं काय, कुंपण छाटल्यासारखी दरवर्षी छाटता येतात. नंतर तर यूच्या पेशीच टाकीत वाढवायला लागले. पण हे सगळं व्हायच्या आधी आणि नंतर पण आपल्या हिमालयातल्या यूची साल-पानं ओरबाडली गेलीच, तो आज संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंधनात आहे. शोध लागला म्हणून रान आपोआप वाचत नाही, मधल्या वीस वर्षांत व्हायचं ते होऊन जातं.

सदाफुलीचं पण तेच, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला लागणारं व्हिनक्रिस्टिन तिच्यातून येतं, एका ग्रॅमला दोन हजार किलो सुकी पानं असा आकडा संशोधक देतात. तिची तमिळनाडूत शेती होते म्हणून रान वाचलं. २०१९ मध्ये अमेरिकेत दोनपैकी एका कंपनीने व्हिनक्रिस्टिन बनवणं थांबवलं तर तिथल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत तुटवडा झाला. २०२२ मध्ये यीस्टकडून त्याच घराण्यातल्या व्हिनब्लास्टिनचे दोन्ही भाग करून घेऊन दाखवले, तीसेक पायऱ्या एका यीस्टमध्ये बसवून. भारी काम आहे, पण प्रयोगशाळेतून टाकीपर्यंत यायला वेळ लागतो.

कागदपत्रे काका

कायद्याचं थोडक्यात. जमीन तुमची असली तरी झाड तोडणं आणि ते रस्त्याने नेणं हे दोन वेगळे विषय आहेत. तोडायच्या आधी रेंज ऑफिसला (वनक्षेत्रपाल) लेखी अर्ज टाका आणि नरक्यासाठी परवानगी लागते का ते लेखीच घ्या, तोंडी "चालतंय हो" ऐकून येऊ नका. वाहतुकीचा पास वनखातंच देतं. गाडी नाक्यावर पकडली तर व्यापारी म्हणतो शेतकऱ्याने दिलं, आणि सही तुमची असते. "कागद आमचे" याचा अर्थ बहुतेक वेळा दुसऱ्याच गटाचा पास किंवा दुसऱ्याच लाकडाचं नाव.

शिवाय जैवविविधता कायदा २००२ आहे. त्यात तुम्ही स्थानिक, तुम्हाला बंधन कमी, पण व्यापारासाठी उचलणाऱ्याने राज्य जैवविविधता मंडळाला (नागपूरला आहे) आधी कळवावं लागतं, आणि तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती त्याच्याकडून शुल्क घेऊ शकते. आमच्या गावात समिती आहे हे समितीच्या सदस्यांनाच माहीत नव्हतं ही गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये कायद्यात बदल झाला, लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली, पण त्यासाठी समितीकडून उगमाचा दाखला लागतो. म्हणजे लागवड करणार असाल तर पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा, रोपं कुठून आणली, किती लावली, कधी.

अजून एक, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत ना? मग दादाची एकट्याची सही पुरत नाही. हे आधी दादाला सांगा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आप्पा बांदेकर

काका +१. आमच्यात त्या सहीवरूनच भावाभावात दोन वर्षं बोलणं नव्हतं.

बाटलीतला राक्षस

लागवडीबद्दल राहिलं होतं. खरं सांगू का, लाखाच्या स्वप्नाने करू नका. सफेद मुसळी आठवते? वीस-पंचवीस वर्षांमागे आपल्याकडे लोकांनी कर्ज काढून बेणं घेतलं, बेणं विकणाऱ्यांनी पैसा केला, माल तयार झाला तेव्हा माल परत घेतो म्हणणारे बायबॅकवाले फोन उचलेनात. माझ्या मेव्हण्याच्या घरी अजून माळ्यावर पोतं आहे. झाडातून येणाऱ्या मलेरियाच्या आर्टेमिसिनिन या औषधाचं पण तसंच, २००५च्या आसपास भाव चढला तर आफ्रिकेत आणि चीनमध्ये सगळ्यांनी ते झाड लावलं आणि दोनेक वर्षांत भाव आपटला. औषधी झाडाला गिऱ्हाईक मोजकं असतं, पाच-दहा कंपन्या, त्यातल्या दोघांनी पुरवठा बदलला की तुमचा माल जळण.

पण तुमची जमीन तशी पण पड आहे, खर्च नाही, झाडं आपोआप उगवलेली आहेत. मग जी आहेत ती ठेवा, रोपं जगवा. कधी विकायची वेळ आलीच तर खोडावरून, बुंधा राखून, आळीपाळीने, पाससकट. आणि विकण्याआधी नमुना तपासून घ्या, आपल्या मालात टक्का किती ते आपल्याला माहीत असलं की समोरच्याचा आवाज उतरतो. सीपीटी बघायला एचपीएलसी म्हणजे अर्कातला एकेक पदार्थ वेगळा करून मोजणारं मशीन लागतं, फार्मसी कॉलेजांत असतं, एखाद्या एमफार्मच्या पोराला प्रोजेक्टला विषय हवाच असतो.

सडावेडी

थोडं अवांतर पण जोडून. तोडण्यापेक्षा राखून पैसे मिळाल्याचं उदाहरण आपल्याच सह्याद्रीत आहे. पुण्याच्या एईआरएफ संस्थेने हिरडा आणि बेहड्याचं फेअरवाइल्ड प्रमाणपत्राचं काम केलंय, फळं गोळा करायची पण ठरलेल्या पद्धतीने, काही झाडावरच सोडायची, फांद्या तोडायच्या नाहीत, आणि इंग्लंडमधली हर्बल चहा बनवणारी कंपनी ते घेते. त्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटी करतात, म्हणून ती झाडं राहिली तर धनेश पण राहिला. नरक्यात हे जसंच्या तसं होणार नाही कारण फळाचा नाही, लाकडाचा धंदा आहे. पण कोयनाकाठचे, तुमच्या रानात हिरडा आहे का? असेल तर त्याच्याकडे आधी बघा, तो दरवर्षी देतो.

कोयनाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवारी गावी जाऊन आलो.

दादाला आधी सहीचं सांगितलं, तो जरा चिडला, म्हणाला म्हणजे आता मला कायदा शिकवणार का. मग आप्पांचा हातकाट्याचा किस्सा वाचून दाखवला तेव्हा हसला, कारण त्या माणसाच्या पिकअपमध्ये असाच एक काटा त्याने बघितला होता. दोघं मिळून रानात गेलो आणि मोजली, मोठी झाडं ३७, आणि रोपं तर मोजता मोजता सोडून दिली, एका जांभळीखालीच पंधरा-वीस होती. पानं फांदीच्या टोकाला गोळा झालेली, तोडलं की वास येतोच. एका झाडाच्या बुंध्यावर कोयत्याने ताजी खूण केलेली सापडली, आम्ही केलेली नाही. अजून तीन झाडांवर तसंच. म्हणजे तो माणूस विचारायला यायच्या आधीच रान फिरून गेला होता. तिथे दादाचा पारा चढला, त्याला विकण्याचं काही नव्हतं पण न विचारता कोयता लावला हे लागलं.

तिथूनच फोन लावून त्याच्याकडे पासचा नंबर मागितला. "देतो, ऑफिसमध्ये आहे" म्हणाला. काल परत लावला, स्विच ऑफ. रेंज ऑफिसला खुणा केल्याचा अर्ज टाकलाय, फोटो जोडून.

हिरडा आहे, नऊ झाडं, आई म्हणते पूर्वी बाळहिरडा गोळा करून विकायचे, मग आमची आजी गेली तसं बंद पडलं.

राक्षसभाऊ, फार्मसी कॉलेजचं कऱ्हाडला विचारतोय. एक शंका राहिली, नमुन्याला लाकूड किती लागतं, आणि मूळ न उकरता नुसत्या फांदीवर कळेल का?

बाटलीतला राक्षस

बोटभर जाडीच्या फांदीचा वीतभर तुकडा पुरे. मुळापेक्षा टक्का कमी दिसेल पण झाडांमधला फरक कळतो. प्रत्येक झाडाचा एकाच उंचीवरून घ्या, सावलीत वाळवा, कागदी पिशवीत, आणि पिशवीवर झाडाचा नंबर. पिशव्या अदलाबदल झाल्या की सगळं मुसळ केरात.

सडावेडी

आणि नंबर खिळ्याने ठोकू नका हो, सुतळीने बांधा. पावसात फुलं आली की कुठलं नर कुठलं मादी ते पण त्याच नंबरावर लिहून ठेवा, मी मुलांना घेऊन यायला तयार आहे.

कोयनाकाठचा

या की. दादा म्हणतोय जेवण त्याच्याकडे, पण फुलांच्या दिवसात येणार असाल तर रानातून खाली उतरल्यावरच जेवायला बसायचं, वर नाही.